इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटरला मोठी रक्कम सुरक्षित कशी पाठवायची

इंग्लंड-वेल्समध्ये पहिलं घर घेताना बहुतेकांना काळजी असते ती मॉर्गेजची आणि सर्व्हेची. खरी जोखीम मात्र पुढे असते. कित्येक वर्षांची बचत एका दुपारी तुम्ही फोनवरच्या ॲपमधून अशा खात्यात टाकता, ज्याचा नंबर तुम्हाला बहुधा ईमेलनेच कळलेला असतो. चोरांचं लक्ष नेमकं त्याच ईमेलवर असतं.

त्यांची पद्धत समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या कटकटीच्या वाटणार नाहीत. सॉलिसिटरचा (म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाचा), एजंटचा किंवा तुमचा स्वतःचा मेलबॉक्स कुणीतरी फोडलेला असतो. चोर लगेच काही करत नाही. तो आठवडेच्या आठवडे गुपचूप वाचत बसतो. घराचा पत्ता, केस नंबर, रक्कम, एक्स्चेंजची म्हणजे करार पक्का व्हायची तारीख, तुमच्या वकीलबाईंची 'काइंड रिगार्ड्स' लिहायची सवय, हे सगळं त्याला ठाऊक होतं. मग पैसे भरायच्या दिवशी सकाळी मेल येतो: आमच्या खात्याचं ऑडिट सुरू आहे, कृपया रक्कम या दुसऱ्या खात्यात भरावी. लोगो तोच, भाषा तीच, केस नंबरही बरोबर. इथे याला 'फ्रायडे आफ्टरनून फ्रॉड' असंही म्हणतात, कारण बरेच व्यवहार शुक्रवारी पूर्ण होतात, सगळे घाईत असतात आणि चोरी लक्षात येईपर्यंत शनिवार उजाडतो.

महाराष्ट्रात आपण विसाराचा चेक विकणाऱ्याच्या हातात समोरासमोर देतो, चहा पिऊन, दोन साक्षीदारांसमोर. इथे घर विकणाऱ्याचं तोंडही दिसत नाही आणि पुष्कळदा सॉलिसिटरचंही नाही. त्यामुळे समोरचा माणूस आणि त्याचं खातं खरं आहे ना, हे तपासायचं काम तुमच्यावर येतं.

खालची माहिती इंग्लंड आणि वेल्सपुरती आहे. स्टॅम्प ड्युटीबद्दलची माहिती मात्र फक्त इंग्लंडची, वेल्समध्ये त्याऐवजी वेगळा कर आहे. स्कॉटलंडमध्ये घरखरेदीची पद्धतच वेगळी आहे.

१. पैसे केव्हा, किती आणि कुठे जातात

पैसे साधारण तीनदा जातात. सुरुवातीला सर्च (घराबद्दलच्या सरकारी नोंदींची तपासणी) वगैरेसाठी काहीशे पौंड. मग एक्स्चेंजच्या वेळी घराच्या किमतीच्या सहसा १० टक्के. शेवटी कम्प्लीशनच्या आधी उरलेली रक्कम, स्टॅम्प ड्युटी आणि फी. एक्स्चेंज म्हणजे करार पक्का होणं, कम्प्लीशन म्हणजे पूर्ण पैसे देऊन घर ताब्यात मिळणं. एक्स्चेंजनंतर तुम्ही माघार घेतलीत किंवा पैसे वेळेत आणू शकला नाहीत, तर ही १० टक्के रक्कम बुडू शकते.

समजा रेडिंगमध्ये ४,००,००० पौंडांचं घर आहे आणि मॉर्गेज ३,४०,००० चं. तुमचे ६०,०००. त्यातले ४०,००० एक्स्चेंजला आणि २०,००० शेवटी, शिवाय स्टॅम्प ड्युटी.

या स्टॅम्प ड्युटीपाशी आपल्या लोकांचा हिशेब फार चुकतो. तुम्ही जगात कुठेही कधीच घर घेतलेलं नसेल, तर पहिल्या घराची सवलत मिळून या घरावर ५,००० पौंड लागतील. पण पुण्यात किंवा ठाण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल, तर ते 'दुसरं घर' धरलं जातं आणि हाच आकडा ३०,००० होतो. फ्लॅट फक्त नवऱ्याच्या किंवा फक्त बायकोच्या नावावर असला तरी दोघं एकच धरली जातात. वडिलोपार्जित घरात वारसाहक्काने हिस्सा आला असेल, तरी पहिल्या घराची सवलत जाऊ शकते. आणि घर घेण्याआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही या देशात १८३ दिवसही राहिलेले नसाल, तर आणखी २ टक्के. सॉलिसिटरला पहिल्याच फोनवर भारतातल्या मालमत्तेबद्दल सांगा. 'इथे कुणाला कळणार' असं सांगणारे भेटतात. पण स्टॅम्प ड्युटीच्या फॉर्मवर घोषणा तुम्हाला करायची असते, सल्ला देणाऱ्याला नाही.

२. सॉलिसिटर खरा आहे का, हे आधीच बघा

सॉलिसिटरवर 'सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी' म्हणजे एसआरए देखरेख करते. काही जण लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (मालमत्तेच्या व्यवहारांपुरता परवाना असलेले) असतात, त्यांच्यासाठी 'काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्स' आहे. दोन्हींच्या ऑनलाइन नोंदवहीत नाव टाकून शोधता येतं. फर्मचं नाव, पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक जुळतात का, पाहा. एसआरए बनावट फर्म आणि खोट्या ईमेलबद्दल इशारेही प्रसिद्ध करते. त्यात तुमच्या फर्मचं नाव आहे का, तेही बघून घ्या. खऱ्या फर्मच्या नावाने चोर मेल पाठवतात, त्यामुळे तिथे खऱ्या फर्मचं नाव दिसू शकतं.

नोंदवहीतला फोन नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा किंवा मोबाइलमध्ये सेव्ह करा. पुढे सगळी मदार त्यावर आहे.

तुमचे पैसे फर्मच्या क्लायंट अकाउंटमध्ये राहतात, फर्मच्या स्वतःच्या खात्यापासून वेगळे. नियम कडक आहेत. तरी २०२३ मध्ये 'ॲक्सिअम इन्स' ही मोठी फर्म एसआरएने बंद केली, तेव्हा ग्राहकांचे ६ कोटींहून जास्त पौंड गायब असल्याचं उघड झालं. अशा वेळी भरपाईसाठी एसआरएचा फंड असतो. हे क्वचित घडतं, पण म्हणूनच पैसे गरजेपेक्षा फार आधी सॉलिसिटरकडे ठेवून देऊ नयेत, असं माझं मत आहे. वेळ येईपर्यंत ते आपल्याच खात्यात असलेले बरे.

३. पैसे एका खात्यात गोळा करा

चार बँकांत विखुरलेली बचत शेवटच्या आठवड्यात गोळा करायला बसू नका. एक्स्चेंजच्या निदान महिनाभर आधी सगळे पैसे तुमच्या नावाच्या एका ब्रिटिश चालू खात्यात आणा. नोटीस अकाउंट (आधी कळवून मगच पैसे काढता येतात ती) आणि मुदतीची बचत खाती मोडायला वेळ लागतो. शेअर विकले की पैसे हातात यायला दिवस जातात.

खातं घर घेणाऱ्याच्याच नावाचं हवं. मित्राच्या किंवा दिराच्या खात्यातून थेट रक्कम आली, तर बऱ्याच फर्म ती परत पाठवतात किंवा त्या माणसाचीही सगळी चौकशी सुरू करतात.

लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठी किंवा म्हातारपणासाठीचं खास बचत खातं) असेल, तर नियम उलटा. ते पैसे चुकूनही स्वतःच्या खात्यात काढू नका, २५ टक्के दंड बसतो. सॉलिसिटर एक घोषणापत्र भरतो आणि आयसावाले थेट त्याला पैसे पाठवतात. याला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. त्यात पहिली रक्कम भरून वर्ष झालेलं हवं आणि घर ४,५०,००० पौंडांपर्यंतचंच हवं.

एकाच बँकेत एवढे पैसे ठेवायची भीती वाटते? डिसेंबर २०२५ पासून बँक बुडाल्यास दर माणशी १,२०,००० पौंडांपर्यंतचं संरक्षण आहे आणि घरखरेदीशी संबंधित तात्पुरत्या मोठ्या रकमेला सहा महिन्यांसाठी याहून बरंच जास्त.

४. भारतातून पैसे येणार असतील तर

पहिला नियम: भारतातून थेट सॉलिसिटरच्या खात्यात पैसे पाठवू नका. वाटेत मधल्या बँका आपला आकार कापतात आणि रक्कम पाच-पंचवीस पौंडांनी कमी पोहोचते. संदर्भ क्रमांक गळून पडतो. पाठवणाऱ्याचं नाव वेगळं म्हणून फर्म अडवून ठेवते. आणि फसवणूक झाली, तर परदेशातून केलेल्या पेमेंटला इथल्या भरपाईच्या नियमांचं संरक्षण मिळत नाही. आधी स्वतःच्या ब्रिटिश खात्यात, मग तिथून पुढे.

आई-बाबा पैसे देणार असतील, तर ते रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेखाली पाठवतात. मर्यादा प्रत्येकी, एका आर्थिक वर्षात, २,५०,००० डॉलर. बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म लागतो. कारणाच्या रकान्यात 'गिफ्ट' लिहायचं. वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलं, की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापला जातो. म्हणजे बाबांनी ३० लाख पाठवले, तर ४ लाख रुपये वेगळे बाजूला ठेवावे लागतील. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकतो आणि बाबांना हे आधी सांगितलेलं नसेल तर बँकेच्या काउंटरवर त्यांचा चेहरा पडतो. आई आणि बाबा दोघांच्याही मर्यादा स्वतंत्र असतात, त्यामुळे आईच्या खात्यात तिचे स्वतःचे पैसे असतील तर दोघांनी वेगवेगळं पाठवणं सोयीचं. मार्चमध्ये थोडे आणि १ एप्रिलनंतर थोडे, असंही अनेक जण करतात.

तुमचेच पैसे भारतात असतील, तर एनआरई खात्यातले (अनिवासी भारतीयाने परदेशातून आणून ठेवलेले) सहज येतात. एनआरओ खात्यातले (भारतातल्या कमाईचे) आणायला सहसा सीएचं प्रमाणपत्र लागतं. मर्यादा वर्षाला १० लाख डॉलर. परदेशी स्थायिक होऊनही तुम्ही जुनं साधं बचत खातंच वापरत असाल, तर आधी ते एनआरओमध्ये बदलून घ्या. नाहीतर बँक ऐन वेळी हात वर करते.

आता जरा स्पष्ट बोलतो. व्हॉट्सॲपवर हमखास कुणीतरी सुचवतं: 'तुझ्या बाबांना माझ्या भावाला कोथरूडमध्ये रुपये द्यायला सांग, मी तुला इथे पौंड देतो, रेट पण चांगला.' सरळ नाही म्हणा. हा हवाला आहे. भारतात परकीय चलन कायद्याचं उल्लंघन तर होतंच, शिवाय इथे तुमच्या खात्यात एका अनोळखी माणसाचे पौंड आलेले दिसतात आणि ते कुठून आले याचा कागद तुमच्याकडे नसतो. सॉलिसिटर काम थांबवेल, बँक खातं गोठवू शकते. वाचलेले शे-दोनशे पौंड घराच्या किमतीत पडतील.

५. पैसे कुठून आले, याचे कागद

मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला तुमच्या पैशांचा उगम तपासावाच लागतो. इथे लोक वैतागतात: 'माझ्यावर विश्वास नाही का?' विश्वासाचा प्रश्नच नाही, नियम पाळला नाही तर त्याचं लायसन्स जाऊ शकतं. सहसा मागतात ते असं:

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाचा शेअर कोड
- पत्त्याचा पुरावा: काउन्सिल टॅक्स किंवा वीज-गॅसचं अलीकडचं बिल
- ज्या-ज्या खात्यातून पैसे आले त्यांची सहसा सहा महिन्यांची स्टेटमेंट. बँकेतून डाउनलोड केलेली पीडीएफ, फोनचे स्क्रीनशॉट नकोत
- पगाराच्या स्लिपा आणि पी-६० (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला)
- गिफ्ट लेटर: ही भेट आहे, कर्ज नाही, घरात मला हिस्सा नको, असं देणाऱ्याच्या सहीने
- देणाऱ्याचा पासपोर्ट आणि त्याचं बँक स्टेटमेंट
- देणाऱ्याकडे ते पैसे कुठून आले, याचा पुरावा: मोडलेल्या एफडीची पावती, निवृत्तीवेळी मिळालेल्या रकमेचं पत्र, जमीन विकली असेल तर खरेदीखत

खरेदीखत मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर लागतं आणि ते तुम्ही स्वतः केलेलं चालत नाही. सोनं विकून पैसे उभे केले असतील, तर सराफाचं बिल आणि त्याच रकमेची बँकेतली नोंद, दोन्ही जपा. रोखीने भरलेली रक्कम समजावून सांगणं सगळ्यात अवघड. चुलतभावाने घेतलेले उसने पैसे परत केले असतील, तरी त्या नोंदीबद्दल विचारणा होते.

आपल्या नावांचा घोळ वेगळाच. बाबांच्या पासबुकात 'कुलकर्णी वसंत दत्तात्रय', पासपोर्टवर 'वसंत दत्तात्रय कुलकर्णी', गिफ्ट लेटरवर 'व्ही. डी. कुलकर्णी'. आईचं एक खातं अजून माहेरच्या नावाने. आपल्याला यात काही वावगं दिसत नाही, पण फाइल बघणाऱ्या इथल्या ट्रेनीला ही तीन-चार वेगळी माणसं वाटतात. गिफ्ट लेटरवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, विवाह नोंदणी दाखला जोडा आणि कोण कोणाचं, हे चार ओळींत समजावणारं पत्र सोबत द्या.

हे कागद फर्मच्या सुरक्षित पोर्टलवरून किंवा त्यांनी सांगितलेल्या ॲपमधून पाठवा. ॲप डाउनलोड करायचा मेसेज आला, तर तो त्यांनीच पाठवलाय ना, हे फ्रिजवरच्या नंबरला फोन करून विचारा.

६. खाते क्रमांक मिळवा आणि तपासा

बाकी सगळं वरवर वाचलंत तरी चालेल, हा भाग नीट वाचा.

खात्याचा तपशील पैसे भरायच्या आठवड्यात मागू नका. सॉलिसिटर नेमल्यावर सुरुवातीलाच मागा आणि शक्यतो कागदावर: पोस्टाने आलेल्या पत्रात किंवा ऑफिसात जाऊन हातात. बऱ्याच फर्म पहिल्याच पत्रात लिहितात की आमचं खातं व्यवहाराच्या मध्यात कधीही बदलणार नाही. ते वाक्य शोधा. नसेल तर विचारा.

मग फोन. नंबर नोंदवहीतून काढलेला, मेलच्या खाली लिहिलेला नाही. तुमचं काम बघणाऱ्या व्यक्तीशी किंवा अकाउंट्स विभागाशी बोला. आणि एक बारीक गोष्ट: नंबर तुम्ही वाचून दाखवू नका, त्यांना वाचायला सांगा. तुम्ही वाचलंत तर घाईत असलेला रिसेप्शनिस्ट 'यस, यस, दॅट्स राइट' म्हणून मोकळा होतो. सहा आकडी सॉर्ट कोड आणि आठ आकडी खाते क्रमांक त्यांच्या तोंडून ऐका आणि कागदाशी जुळवा. जरा उद्धटपणाचं वाटेल. माझ्या अनुभवात चांगल्या फर्मना याचं मुळीच वाईट वाटत नाही, उलट त्या वाट बघत असतात.

सॉर्ट कोड कोणत्या बँकेचा आहे, हे ऑनलाइन तपासता येतं. पत्रात एका जुन्या बँकेचं नाव आणि कोड मात्र भलत्याच ॲप-बँकेचा निघाला, तर थांबा.

फोन तुम्ही केलेला हवा. आलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका, कारण स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट करता येतो आणि आता आवाजाचीही नक्कल होते. 'तुमच्या सॉलिसिटरच्या ऑफिसातून बोलतोय' असा फोन आला तर नम्रपणे ठेवा आणि स्वतः फोन लावा.

खातं बदललंय असा मेल आला तर? तो खोटा आहे असंच धरून चाला. त्या मेलला उत्तर देऊन 'खरंच का?' विचारू नका, कारण उत्तर चोरच देईल. पत्ता अक्षर-अक्षर बघितला तर पुष्कळदा गोम सापडते: 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' चिकटून, शेवटी 'डॉट को डॉट यूके'ऐवजी नुसतं 'डॉट को'. पण पत्ता बरोबर असला म्हणून मेल खरा ठरत नाही. मेलबॉक्सच फोडलेला असेल तर पत्ता खराच असणार.

तुमचा मेलबॉक्सही बघा. नवा पासवर्ड आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन हे तर आलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन तुमचे मेल आपोआप कुठे फॉरवर्ड होत नाहीत ना आणि तुम्ही न केलेला एखादा फिल्टर नाही ना, हे तपासा. चोर एकदा आत शिरला की असा नियम लावून जातो, पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. आणि 'ऑफर ॲक्सेप्ट झाली!' म्हणून घरासमोरचा फोटो टाकायची घाई नको. पाटीवरचं एजंटचं नाव आणि दारावरचा घर नंबर, दोन्ही त्यात दिसतात. किल्ली मिळाल्यावर टाका की.

७. बँकेशी आधी बोला

अनेक बँकांच्या ॲपमध्ये दिवसाला २५,००० पौंडांच्या आसपास मर्यादा असते, काहींची बरीच जास्त. फास्टर पेमेंट्स या यंत्रणेची कमाल मर्यादा १० लाख पौंड आहे, पण तुमची बँक तेवढं पाठवू देईलच असं नाही. आठवडाभर आधी बँकेला विचारा: एका दिवसात किती, नव्या खात्याला पहिल्यांदा किती, आणि त्यापेक्षा जास्त पाठवायचं तर काय?

जास्तीचं उत्तर बहुधा चॅप्स, म्हणजे मोठ्या रकमा पाठवायची बँकांची यंत्रणा, असतं. चॅप्सला वरची मर्यादा नाही, त्याच दिवशी पैसे पोहोचतात, पण ते फक्त कामाच्या दिवशी आणि बँकेने ठरवलेल्या वेळेच्या आतच. फी २५-३० पौंडांच्या घरात, काही बँका घेत नाहीत. शाखेत जाणार असाल, तर पासपोर्ट, कार्ड आणि सॉलिसिटरचं कागदी पत्र न्या. शाखा आता कमी उरल्यात आणि काही दुपारीच बंद होतात, म्हणून सकाळी जा. मर्यादेत बसत असेल, तर ॲपमधून दोन दिवसांत दोन हप्ते पाठवणंही चालतं, फक्त सॉलिसिटरला आधी कळवा.

बँकेचा माणूस खोदून खोदून विचारेल: कुणाला, कशासाठी, खातं कसं तपासलं, कुणी तुम्हाला बँकेशी खोटं बोलायला सांगितलंय का? चिडू नका आणि थापही मारू नका. शंका आली तर बँक पेमेंट नेहमीपेक्षा ७२ तासांपर्यंत जास्त रोखू शकते, आणि कम्प्लीशनच्या दिवशी असे ७२ तास परवडत नाहीत.

८. आधी एक पौंड, मग बाकीचे

नवीन पेई (पैसे घेणाऱ्याचं खातं) जोडताना खात्याचा प्रकार 'बिझनेस' निवडा. 'पर्सनल' ठेवलं तर नाव बरोबर असूनही जुळत नाही, ही नेहमीची गफलत. नाव पत्रात आहे तसंच लिहा, शेवटी 'क्लायंट अकाउंट' असेल तर तेही. बँक नाव आणि नंबर जुळतात का, हे दाखवते. पूर्ण जुळलं तर ठीक. थोडंसं वेगळं दाखवलं तर बँकेने सुचवलेलं नाव फर्मचंच आहे का, बघा. जुळत नाही किंवा तपासता येत नाही, असं आलं तर थांबा आणि फोन करा. 'आमच्या बँकेची सिस्टिम जुनी आहे, तो इशारा सोडून द्या' असं कुणी समजावत असेल, तर तो चोर आहे असंच समजा.

आता एक किंवा दहा पौंड पाठवा. संदर्भाच्या जागी केस नंबर आणि आडनाव. तिथे १८ अक्षरांचीच जागा असते, म्हणून 'देशपांडे-कुलकर्णी' असलात तर केस नंबर आधी लिहा. मग पुन्हा फोन: पैसे मिळाले का, किती मिळाले? रक्कम आधी सांगू नका, त्यांना सांगू द्या. नुसता 'पेमेंट सक्सेसफुल' असा मेसेज काही सिद्ध करत नाही, चोराच्या खात्यातही पैसे यशस्वीपणेच जातात.

हो म्हणाले, तर त्याच सेव्ह केलेल्या पेईला बाकीची रक्कम. नवीन पेई बनवू नका, नंबर पुन्हा टाइप करू नका.

९. वार आणि वेळ

कम्प्लीशनसाठी शक्यतो मंगळवार किंवा बुधवार मागा. एकमेकांच्या व्यवहारावर अवलंबून असलेल्या घेणाऱ्या-विकणाऱ्यांची सगळी साखळी शुक्रवारच मागते, ट्रक बुक झालेले असतात, त्यामुळे दर वेळी जमत नाही. करारात सहसा दुपारी २ ची वेळ असते आणि त्यानंतर पैसे पोहोचले तर व्यवहार पुढच्या कामाच्या दिवशी झाला असं धरतात. शुक्रवारी उशीर म्हणजे थेट सोमवार, आणि सोमवारी बँक हॉलिडे असेल तर मंगळवार.

म्हणून तुमचा पैसा सॉलिसिटरकडे आदल्या दिवशीच पोहोचलेला हवा. कम्प्लीशन स्टेटमेंट आलं की आकडे स्वतः जुळवा: किंमत, वजा भरलेलं डिपॉझिट, वजा मॉर्गेज, अधिक स्टॅम्प ड्युटी, लँड रजिस्ट्रीची फी, सॉलिसिटरची फी आणि त्यावरचा २० टक्के व्हॅट. आकडा बदललेला दिसला तर फोन करा. चोर कधीकधी खातं आणि रक्कम दोन्ही बदलतात.

१०. पैसे चुकीच्या खात्यात गेले तर

मिनिटं मोजा. आधी बँक: १५९ वर फोन केला की बहुतेक मोठ्या बँकांच्या फसवणूक विभागाशी जोडून देतात. 'माझी फसवणूक झाली, समोरच्या बँकेला कळवून पैसे गोठवा' असं पहिल्याच वाक्यात सांगा. मग सॉलिसिटरला फोन, म्हणजे त्यांचे बाकीचे ग्राहक वाचतील. मग पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार. मेल डिलीट करू नका. लाज वाटून उद्यापर्यंत थांबू नका.

७ ऑक्टोबर २०२४ पासून अशी फसवणूक झाल्यास बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते, त्यातून १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकतात. निर्णय सहसा पाच कामाच्या दिवसांत, चौकशी लांबली तर ३५ पर्यंत. तक्रार १३ महिन्यांच्या आत हवी. बँकेने दिलेले स्पष्ट इशारे कमालीच्या बेफिकिरीने धुडकावले असतील, तर नकार मिळू शकतो. आणि ८५,००० च्या वरच्या रकमेची हमी नाही. घराची रक्कम याहून मोठी असेल तर एका झटक्यात सगळी न पाठवता दोन वेगळ्या दिवशी, मधे फोन करून पाठवायला माझी तरी हरकत नसेल.

११. उरलेले पैसे

किल्ली मिळाली, दूध उतू घालून झालं, तरी हिशेब संपत नाही. स्टॅम्प ड्युटी १४ दिवसांत सॉलिसिटर भरतो, त्याची पोच मागून घ्या. फायनल स्टेटमेंटमध्ये थोडेफार पौंड उरतात आणि ते परत करायला फर्म तुमचा खाते क्रमांक विचारते. तोही मेलने पाठवू नका. तुमच्या मेलबॉक्समध्ये कुणी असेल, तर तो तुमच्या नावाने वेगळा नंबर कळवून ते पैसेही घेऊन जाईल. ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यात परत करा, असं फोनवर सांगा. भारतातल्या रकमेची कागदपत्रं, बाबांचा टीसीएसचा दाखला आणि गिफ्ट लेटर एका फाइलमध्ये ठेवा. बाबांना रिटर्न भरताना त्यातला दाखला लागेल, आणि तो जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मागायची त्यांची सवय असते.